भाकरीला म्हणा, स्माइल प्लीज

लग्नाचा सीझन संपलाय, बारशाचे फोटो आत्या मोबाइलवर काढते आणि स्टुडिओत पासपोर्ट फोटोपुरतंसुद्धा कुणी फिरकत नाही. अशा वेळी हॉटेल गाठावं. जेवायला नव्हे, जेवणाचे फोटो काढायला. कोल्हापुरात असाल तर सकाळी मिसळ आणि दुपारी मटणथाळी चालवणारं एखादं बघा. थाळी हलत नाही, डोळे मिटत नाही, 'माझी डावी बाजू चांगली येते' म्हणत नाही. वीस वर्षं नवऱ्यामुलींचे फोटो काढलेल्या माणसाला वाटीभर तांबडा रस्सा काय जड?

फक्त नवं काही शिकायला जाऊ नका.

तुमची ती लाडकी ८५ एमएमची पोर्ट्रेट लेन्स, अ‍ॅपर्चर १.८ वर सताड उघडं ठेवून, तश्शीच लावा. माणसाचा डोळा शार्प आला की काम झालं, हा नियम तुम्हाला पाठच आहे. थाळीला डोळा नसतो, म्हणून लिंबाच्या फोडीवर फोकस करा. जवळून काढलंत तर जेमतेम सेंटिमीटरभर भाग स्पष्ट येईल आणि मागचं सुकं मटण, रस्सा, भाकरी, सगळं मऊ विरघळून जाईल. मालक स्क्रीनवर वाकून विचारेल, "मटण कुठं हाय?" मागचं असं धूसर होण्याला फोटोग्राफीत बोके म्हणतात, तेव्हा तुम्ही अभिमानाने सांगा, "मागे बोके आहे." तो म्हणेल, "बोक्यानं खाल्लं?" वाद घालू नका.

खिडकीजवळचं टेबल घ्या, उजेड मागून किंवा बाजूने येऊ द्या, म्हणजे वाफ दिसते, तवंग चमकतो, वगैरे सांगणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. नवरीला समोरून फ्लॅश मारता तसाच रश्श्याला मारा. तवंग सपाट दिसेल आणि त्यात छत्री, स्टँड आणि कॅमेऱ्यामागचे तुम्ही, असे तिघं स्पष्ट याल. पोर्ट्रेटवाल्याची सही समजा.

पांढऱ्या रश्श्याला कॅमेरा बिचकतो. समोर सगळं पांढरं दिसलं की त्याचं मीटर ते ओढून करडं करतं. लग्नात नवरदेवाच्या पांढऱ्या शेरवानीला तुम्ही एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, एक स्टॉप वाढवता, पण इथे तसं करू नका. वाटीत गवंड्याने सिमेंट कालवल्यासारखं दिसलं, तर तेवढंच वेगळेपण.

मिसळीला मात्र निवांत वेळ द्या. स्टेजवर नवरीला तीन तास उभं करायची सवय आहे ना? इथे दहा मिनिटांत फरसाण कट पिऊन फुगतं, शेवेचा लगदा होतो आणि कोथिंबीर मान टाकते. बाहेरचे जेवणाचे फोटोवाले आधी रिकाम्या ताटावर लाइट लावून घेतात आणि खरी मिसळ शेवटच्या दोन मिनिटांत आणवतात. अगदीच घायकुते लोक.

रीटचिंग हा तर तुमचा हातखंडा. भाकरीवरचे तपकिरी डाग दिसले की बोट आपोआप स्किन स्मूदवर जातं, जाऊ द्या. दोन मिनिटांत भाकरी गोरी, तुकतुकीत, वधूवर सूचक मंडळात लावण्याजोगी होईल. तव्यावरून आली की लाँड्रीतून, एवढं कळणार नाही. हौस असेल तर तांबड्यालाही दोन शेड गोरं करा, स्ट्रॉबेरी मिल्कशेक म्हणून मेनूत आणखी एक ओळ वाढेल.

एक युक्ती तेवढी खरी सांगतो. अमेरिकेत कॅम्पबेल कंपनीच्या जाहिरातींत सूपच्या तळाशी काचेच्या गोट्या टाकल्या होत्या, म्हणजे भाज्या वर तरंगाव्यात. तिथल्या व्यापार आयोगाने हरकत घेतली आणि १९७० साली कंपनीला हा प्रकार थांबवावा लागला. आपल्याला गोट्यांचा खर्च नको. मिसळीच्या बाऊलमध्ये तळाला एक छोटी वाटी उपडी ठेवा, मटकी आपसूक वर येते, भरगच्च दिसते.

पैशाचा विषय मालक स्वतःच काढेल. "फोटोला कसले पैसे? तुमचं नाव टाकतो की खाली. आणि जेवल्याबिगर जायचं न्हाई." बसा मुकाट्याने. पोऱ्या ती सकाळचीच मिसळ गरम करून, वर ताजं फरसाण भुरभुरून, दोन स्लाइस ब्रेडबरोबर समोर ठेवेल. चमच्याला खाली काहीतरी टणक लागलं तर ओरडू नका. वाटी तुमचीच आहे.