अश्वगंधेवरची बंदी आणि मावशीची बाटली

डेन्मार्कने २०२३ मध्ये अश्वगंधेच्या पूरक गोळ्यांवर बंदी घातली. तेव्हापासून दर काही महिन्यांनी कुणीतरी ती बातमी नव्यानं शोधून आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतं आणि ठरल्यासारखी जुंपते. एका गटाच्या मते हा आयुर्वेदाचा द्वेष, औषध कंपन्यांचा डाव. दुसरा गट म्हणतो, बघा, आपण जिचे गोडवे गातो ती तिकडे विष ठरली. मी कोपनहेगनजवळ राहते आणि दोन्ही गटांत माझे नातेवाईक आहेत.

विष असं इथं कुणी म्हटलेलं नाही. डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठातल्या अन्न संस्थेनं २०२० मध्ये एक अहवाल दिला. थायरॉइड आणि लैंगिक संप्रेरकांवर होऊ शकणारे परिणाम आणि गर्भपाताची शक्यता हे त्यातले मुद्दे. रोज किती घेतली तर निर्धोक, हा आकडा ठरवता येत नाही, असा निष्कर्ष. आकडा नाही, मग विक्रीही नाही. इथला खाक्याच तो. शेजारच्या जर्मनीत गोळ्या मिळतात. तिथल्या जोखीम मूल्यमापन संस्थेनं २०२४ मध्ये गर्भवती, स्तनदा माता, मुलं आणि यकृताचा आजार असलेले किंवा होऊन गेलेले, यांनी घेऊ नयेत असा सल्ला दिला. मला हे जास्त शहाणपणाचं वाटतं. कारण बंदीनंतर इथल्या आपल्या लोकांच्या गोळ्या थांबल्या नाहीत, त्या भारतातून बॅगेत येऊ लागल्या. डॉक्टरसमोर मात्र त्यांचं नाव कुणी काढत नाही.

पण म्हणून 'हजारो वर्षं वापरतोय' हे उत्तर पुरत नाही. हजारो वर्षं वापरलं ते मुळाचं चूर्ण, तीन ते सहा ग्रॅम, दुधाबरोबर, आणि तेही वैद्यानं प्रकृती बघून दिलेलं. कॅप्सूलमध्ये असतो तो घट्ट केलेला अर्क. त्यात कधीकधी पानंही जातात, म्हणून तर खुद्द आयुष मंत्रालयाला २०२१ मध्ये उत्पादकांना पानं वापरू नका असं सांगावं लागलं. ताण आणि झोप यांवरचे जे अभ्यास लोक पुढे करतात, ते बहुतेक लहान आणि फार तर तीनेक महिन्यांचे. मावशी वर्षानुवर्षं घेते.

मावशी पहाटे थायरॉइडची गोळी घेते, रात्री अश्वगंधा. डॉक्टरांना सांगितलंस का, विचारलं तर म्हणाली, "त्यांना काय सांगायचं? हे तर आयुर्वेदिक आहे!" तिनं बाटली व्हिडिओ कॉलवर कॅमेऱ्यासमोर धरली. पुढे घोड्याचं चित्र आणि ठळक अक्षरात 'शक्ती, स्फूर्ती'. मागे मुंगीएवढ्या अक्षरात 'वैद्यकीय सल्ल्याने घ्यावे'. थायरॉइडचा उल्लेख कुठेच नाही.

गुळवेलीच्या वेळी हेच झालं होतं. कोविडच्या काळात काढे पिऊन यकृत बिघडलेल्या रुग्णांबद्दल मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये लिहिलं, तर ती गुळवेल नसून तिच्यासारखी दुसरी वेल असेल, असं उत्तर मिळालं. बरं, असेल. मग दुसरी वेल लोकांच्या पोटात गेली कशी, हे कुणी विचारायचं? पुढच्याच वर्षी देशभरातल्या १३ केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली.

आयुर्वेदिक औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारी यंत्रणा भारतात आहे. तिचं राष्ट्रीय केंद्र दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत आहे. ग्रुपवर तावातावानं लिहिणाऱ्यांपैकी एकालाही ती ठाऊक नव्हती, मावशीला कुठून असणार? तिच्या बाटलीवर कंपनीचा ग्राहक सेवा क्रमांक आहे, या यंत्रणेचा नाही. तो छापायची सक्ती करा. आणि थायरॉइडची गोळी, यकृताचा आजार, गरोदरपण हे शब्द पुढच्या बाजूला आणा, घोड्याइतकेच मोठे. कंपन्या कुरकुर करतील. करू देत.