थाई सासरचा खर्च नेमका कुठे होतो?

थायलंडमध्ये लग्न करून राहिलेल्या परदेशी जावयांच्या गप्पा कुठूनही सुरू होऊ देत, गाडी शेवटी सासूच्या घराच्या पत्र्यावर आणि मेव्हण्याच्या मोटरसायकलच्या हप्त्यावर येऊन थांबते. आपले मराठी जावईही त्यात मागे नाहीत. माझ्या मते यातला निम्मा खर्च चुकीच्या खात्यावर टाकलेला असतो.

आधी चार लाखांचं बघू. थाई बायकोच्या आधारावर तिथल्या मुक्कामाला वर्षभराची मुदतवाढ हवी तर ४,००,००० बाट थाई बँकेत, नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर, अर्जाआधी दोन महिने पडून असावे लागतात. जोडखात्यातले चालत नाहीत. दुसरा मार्ग म्हणजे दरमहा ४०,००० बाट उत्पन्न दाखवणं. आता गंमत बघा. सहाव्या आठवड्यात बँकेने एटीएम कार्डाची वार्षिक फी कापली आणि शिल्लक ३,९९,८०० झाली की दोन महिने पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. म्हणून या खात्याला कार्ड घेऊच नये आणि वर पाच-दहा हजार बाट जास्त ठेवावेत. अर्जाच्या दिवशी सकाळी पासबुकात नोंद करून घ्यायची, बँकेचं पत्र ताजं हवं आणि जिल्हा कार्यालयातून ‘खो रो २’ हा विवाहनोंदीचा उतारा नव्याने काढलेला हवा. घरात आणि घर क्रमांकाच्या पाटीजवळ काढलेले दोघांचे फोटो, घरापर्यंतचा हातानं काढलेला नकाशा, सह्या करायला बायको, हे सगळंही लागतं. फी १,९०० बाट. बहुतेक वेळा त्या दिवशी फक्त ‘विचाराधीन’ असा सुमारे महिनाभराचा शिक्का मिळतो. त्या महिन्यात मुंबईचं तिकीट काढू नका. पासपोर्टला सातच महिने उरले असतील तर मुदतवाढही सातच महिन्यांची मिळते, फी मात्र पूर्ण.

दरमहाचा मार्ग घेणाऱ्यांची वेगळीच फजिती होते. पैसे परदेशातून आले असं पासबुकातल्या कोडवरून दिसावं लागतं. काही अ‍ॅप पैसे थायलंडमधल्याच खात्यातून पुढे ढकलतात, मग नोंद देशांतर्गत म्हणून पडते आणि इमिग्रेशनच्या खिडकीवरचा माणूस नकारार्थी मान हलवतो. पहिली रक्कम आली की कोड तपासा, बारा महिने थांबू नका.

हे चार लाख घरात सगळ्यांना माहीत असतात. कुणी हातउसने मागितले आणि जावई ‘नाहीत’ म्हणाला, तर तो चिक्कू ठरतो. ‘आहेत, पण अमुक तारखेपर्यंत हलवता येत नाहीत’ हे बायकोने तिच्या भाषेत सांगितलं की निम्मे रुसवे टळतात. मुदतवाढीच्या वेळी तिलाच सह्या करायच्या असतात, तिला नियम तोंडपाठ असतो.

आणि मागणं येतं कुठून तेही बघा. सरकारी वृद्धभत्ता वयाच्या साठीला महिना ६०० बाट, नव्वदीला १,०००. इसानमधल्या, म्हणजे ईशान्य थायलंडमधल्या, भातशेतकऱ्याला दुसरं पेन्शन नाही. आईबापांना सांभाळणं, ‘कतन्यू’, ही तिथे मुलीच्या अब्रूची गोष्ट आहे. त्यामुळे ‘कधी लागले तर देऊ’ ही सगळ्यात महाग व्यवस्था. दर महिन्याला ठरलेली रक्कम ठरल्या तारखेला बायकोच्या हातून गेली की तातडीचे फोन कमी होतात. दवाखान्याचं कारण आलं तर सरकारी ‘३० बाट’ योजनेत काय बसतं ते आधी विचारावं. बरंच काही बसतं.

लग्नातलं ‘सिन सोत’ म्हणजे आपलं जुनं देज, नवऱ्याने मुलीच्या आईबापांना द्यायची रक्कम. रक्कम वडीलधाऱ्यांमार्फत आधी ठरवा आणि किती परत मिळणार हेही त्याच बैठकीत विचारा. पुष्कळदा काही भाग किंवा सगळंच जोडप्याकडे परत येतं. सोन्याच्या बाबतीत कान उघडे ठेवा: तिथे बाट हे वजनही आहे, सुमारे १५.२ ग्रॅम. ‘पाच बाट’ ऐकून खिशात हात घालणाऱ्याला साडेसात तोळे द्यावे लागतात.

जमिनीबद्दल मी कठोर आहे. परदेशी माणसाच्या नावावर जमीन होत नाही. बायकोच्या नावावर घेताना भूमी कार्यालयात नवरा लिहून देतो की पैसा तिचा स्वतःचा आहे. त्या सहीनंतर ‘माझं घर’ म्हणायचं नाही. फार तर जमिनीच्या दाखल्यावर आयुष्यभराचा उपभोगाचा हक्क नोंदवून घ्या.

सगळ्यात फुकटचा खर्च प्रवासात होतो. मुदतवाढ असली तरी पुनःप्रवेशाचा परवाना न घेता देश सोडला की ती रद्द होते. परवाना एकदाच्या प्रवासाला १,००० बाट, अनेकदासाठी ३,८००. आजारी आईला बघायला घाईने पुण्याला निघालेला माणूस नेमका हाच विसरतो, परतताना पर्यटक म्हणून शिक्का घेतो आणि सगळं पुन्हा सुरू. चार लाख तयार असतील तर जवळपास चौपट पैसे मोजून अनेकदाचाच परवाना घ्या. दर ९० दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवायची हजेरीही असते. देशाबाहेर जाऊन आलं की मोजणी नव्याने सुरू होते, हजेरी चुकली तर दंड २,००० बाट. १ मे २०२५ पासून डिजिटल आगमनपत्र भरावं लागतं, उतरण्याआधीच्या तीन दिवसांत आणि फुकट. पैसे मागणारं संकेतस्थळ सरकारी नव्हे.

भारतीयांना तिथे ‘खेक’ म्हणतात. त्या शब्दाचा मूळ अर्थ पाहुणा. कागदपत्रांत मात्र पाहुणचार नाही.

बायकोला इकडे आणायचं तर लग्न नोंदवून दोन वर्षं झाली की तिला ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड मागता येतं. बाहेरून अर्ज केल्यास फी २७५ डॉलर. तिने आडनाव बदललं असेल तर ओळखपत्र, घराची निळी वही (त्या घरात कोण राहतं याची सरकारी नोंद) आणि पासपोर्ट, तिन्हीकडे बदल झाल्यावरच तिकीट काढा. आणि मुंबईहून बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर उतरून इसानातल्या उदोनथानीचं पुढचं विमान बँकॉकच्याच दुसऱ्या, डॉन म्युआंग विमानतळाहून असेल, तर दोन्ही विमानतळांत शहराची वाहतूक आहे हे धरून मध्ये निदान पाच तास ठेवा. पुढचं तिकीट दाखवलं की विमानतळाची बस फुकट आहे.