आधी नवऱ्याची तपासणी करा
पुरुषांमुळे मूल न होण्याच्या कारणांवरच्या या लेखात सगळा भर लॅपटॉप आणि घट्ट जीन्सच्या उष्णतेवर, व्हेरिकोसील, म्हणजे अंडकोशाच्या शिरा फुगणं, मात्र एका ओळीत उरकलंय. आमच्याकडे नेमकं तेच निघालं. बायकोच्या सोनोग्राफ्या, रक्ततपासण्या, आईचे उपासतापास यात तीन वर्षं गेली. माझी वीर्यतपासणी सगळ्यात शेवटी, तीही कुरकुरत. व्हेरिकोसीलमध्ये अंडकोशाच्या वरच्या शिरा फुगतात, तिथली उष्णता वाढते, शुक्राणू घटतात. मूल होत नसलेल्या पुरुषांपैकी साधारण ३५ ते ४० टक्क्यांत हे सापडतं. बहुतेकदा दुखत नाही, म्हणून कळतही नाही. याच्या ऑपरेशननंतर लगेच वीर्याचा रिपोर्ट काढायला धावू नका, शुक्राणू तयार व्हायलाच अडीच महिने लागतात. आणि जिमवाल्यांनो, टेस्टोस्टेरॉनची (पुरुषी हार्मोनची) इंजेक्शनं जपून, त्यानं शुक्राणू बनणंच थांबू शकतं. माझा दोष कळला, त्याच आठवड्यात मी तंबाखू सोडली. चुन्याची डबी अजून कपाटावर पडलीय.