खुलासा: क्लिनिकल फार्मासिस्ट डॉक्टरांची औषधं परस्पर बदलतो का?

‘वॉर्डात फिरणारा क्लिनिकल फार्मासिस्ट डॉक्टरांनी लिहिलेली औषधं परस्पर बदलतो, त्याला काही सांगू नका,’ असा मेसेज सध्या फिरतोय. यातला पहिला भाग चुकीचा आहे आणि दुसरा रुग्णाच्या जिवावर बेतू शकतो.

क्लिनिकल फार्मासिस्ट म्हणजे रुग्णालयातला औषधतज्ज्ञ. डॉक्टरांनी लिहिलेली औषधं तो तपासतो, शंका आली तर डॉक्टरांना गाठतो, बदल सुचवतो. निर्णय डॉक्टरांचा. (ब्रिटनमध्ये २००६ पासून जादा प्रशिक्षण घेतलेल्या फार्मासिस्टना स्वतः औषध लिहिता येतं, पण तेही कायद्याने दिलेल्या अधिकारात; चोरून नव्हे.)

तपासतो म्हणजे काय? समजा, रक्त पातळ ठेवायला वॉरफरिन घेणाऱ्या रुग्णाला लघवीच्या संसर्गासाठी को-ट्रायमोक्साझोल सुरू झालं. दोन्ही औषधं आपापल्या जागी बरोबरच. पण एकत्र आली की वॉरफरिनचा परिणाम वाढतो आणि रक्तस्राव होऊ शकतो. अशा वेळी तो दुसरं अँटिबायोटिक सुचवतो, नाहीतर वॉरफरिनचा डोस कमी करून आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी रक्तचाचणी) लवकर तपासायला सांगतो. रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं दिसलं, म्हणजे मूत्रपिंडाचं काम मंदावलेलं दिसलं, की मूत्रपिंडावाटे बाहेर पडणाऱ्या औषधांचे डोस नव्याने मोजतो. नाकातल्या नळीतून औषध द्यायचं असेल, तर हळूहळू विरघळणारी गोळी कुटू देत नाही. कुटली की दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो.

त्यामुळे त्याने विचारलं तर घरी काय काय घेता ते सगळं सांगा. झाडपाल्याची औषधं, दुकानातून आपणहून आणलेल्या वेदनाशामक गोळ्यासुद्धा. केसपेपरवर न आलेली नेमकी हीच नावं त्याला हवी असतात.