९५ टक्के लोकांना काम आहे म्हणे!

एक फॉरवर्ड फिरतोय, मला तीन ग्रुपवर आला. "बेरोजगारी फक्त ५ टक्के, म्हणजे ९५ टक्के लोकांना काम आहे. उरलेले आळशी. बायका मर्जीने घरी बसतात, आणि मुलींना शिकवून उपयोग काय, शिकलेल्याही शेवटी घरीच."

आधी ते ९५ टक्के. बेरोजगारीचा टक्का सगळ्या लोकसंख्येवर काढतच नाहीत हो, जे काम करतायत किंवा शोधतायत तेवढ्यांवरच काढतात. समजा कामाच्या वयाचे १०० जण, ५७ कामावर, ३ शोधतायत. ६० मध्ये ३, झाले ५ टक्के. उरलेले ४० या हिशोबात धरलेच नाहीत.

ते ४० आळशी? त्यात विद्यार्थी आहेत, आजारी आहेत, शोधून शोधून नाद सोडलेले आहेत. पुरुष काम करणं-शोधणं सोडतात त्यात तब्येतीचं कारण बरंच असतं, आणि कमी शिकलेल्यांत जास्त, कारण अंगमेहनतीचं काम, पाठ गेली की बसून करायचं दुसरं काम त्याला कोण देणार.

मर्जीचं तर बोलूच नका. रोजगाराचा सर्व्हे करणारा विचारतो, गेल्या आठवड्यात तासभर तरी पैशासाठी काम केलं? नाही. चार आठवड्यांत शोधलं? नाही. मिळालं तर लगेच जाल? आता अंथरुणाला खिळलेल्या सासूचं पहाटेपासून सगळं करणारी बाई काय सांगणार, नाहीच म्हणणार ना. झाली ती 'निष्क्रिय'. दिवसभर उभी असते ती, पण निष्क्रिय! आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०२३ चा अंदाज बघा, घरच्यांच्या देखभालीमुळे श्रमबाजाराबाहेर असलेल्या, म्हणजे पैशाचं काम न करणाऱ्या आणि न शोधणाऱ्या, बायका ७०.८ कोटी आणि पुरुष ४ कोटी. एवढ्या सगळ्यांची मर्जी एकदमच कशी काय जुळली?

आता शिक्षण. श्रीमंत देशांत तर उलटंच दिसतं, कमी शिकलेल्यांत कामावर असण्यातला बाई-पुरुष फरक सगळ्यात मोठा आणि पदवीपर्यंत गेलं की तो बराच आटतो. गरीब देशांत मामला वाकडा आहे हे खरं, अगदी गरीब बाई शेतात राबतेच, मधली थोडी शिकलेली घरात राहते कारण मजुरी नको आणि ऑफिसचं काम मिळत नाही, आणि खूप शिकलेली परत बाहेर पडते. क्लॉडिया गोल्डिन यांनी, २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांनाच मिळालं, असाच यू (U) आकार देशाच्या आर्थिक विकासाच्या टप्प्यांवर दाखवलाय, आधी बायकांचं काम कमी होतं, मग परत वाढतं. फॉरवर्डवाल्याने त्या यूचा फक्त तळ बघितला.

आणि हो, वयाच्या १५ वर्षांपासून मोजलं तर कॉलेजात बसलेली पोरगीही 'काम न करणारी'तच येते, तेव्हा तुलना करायची तर २५ च्या पुढच्यांची करा.