हाऊस किती आहे, जावईबापू?

अमेरिकेत मुलीला कॉलेजात घातलं की फी भरावी लागते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तिच्या कॉलेजच्या बास्केटबॉल टीमचे सामने बघावे लागतात, हे मात्र कुणी आधी सांगत नाही. आमची लेक खेळत नाही. उंचीच्या बाबतीत ती दोन्हीकडच्या घराण्यांशी प्रामाणिक राहिली आहे. ती बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवते. बँड बास्केटच्या मागे बसतो आणि टाइमआउट झाला, म्हणजे खेळ मध्येच थोडा वेळ थांबला, की वाजवायला लागतो. आम्ही जातो ते त्या टाइमआउटसाठी. मधल्या वेळात दहा उंच मुलं इकडून तिकडे पळतात, ते सोसायचं.

कॉलेजचं नाव सांगत नाही. अजून फी भरायची आहे.

तर हे कॉलेज आपले घरचे सामने घरी खेळत नाही. कॉलेजच्या आवारात एक जुनं जिम आहे. विटांचं बांधकाम, लाकडी बाकडी, अडीच हजार माणसं आली की गच्च. पण टीम खेळते शहरातल्या मोठ्या अरेनात, म्हणजे जिथे मूळ आइस हॉकीवाल्यांचं बिऱ्हाड आहे आणि जिथे सतरा-अठरा हजार खुर्च्या आहेत. कॉलेज बास्केटबॉलचं कोर्ट काय, कुठेही गेलात तरी ९४ बाय ५० फूट. खुर्च्या वाढल्या म्हणून ते वाढत नाही. डिसेंबरातल्या मंगळवारी रात्री, बाहेर बर्फ पडत असताना, समोर कुणी नाव न ऐकलेली टीम असताना त्या अठरा हजार खुर्च्यांत येऊन कोण बसणार? बँडवाल्या मुलांचे आईबाप, काही जुनेजाणते माजी विद्यार्थी, आणि ऑफिसात वाटलेला पास फुकट जाऊ नये म्हणून आलेले चार जण.

तिथपर्यंत पोचणं हाही एक सोहळाच आहे. पार्किंगचे पैसे तिकिटापेक्षा जास्त. पारदर्शक पिशवीशिवाय आत सोडत नाहीत, त्यामुळे डब्यात काय आहे ते सगळ्या रांगेला दिसतं. मग सरकते जिने, मग पुन्हा सरकते जिने. आत थंडी. ही थंडी बाहेरची नाही, खालची. हॉकीचा बर्फ वितळवत बसायला वेळ कुणाला आहे? त्याच्यावर इन्सुलेशनची फळकुटं टाकतात, फळकुटांवर लाकडी कोर्ट अंथरतात, की झालं बास्केटबॉलचं मैदान तयार. खेळणारे पळत असतात, त्यांना काही वाटत नाही. बसणाऱ्यांच्या पायांना मात्र पहिल्या हाफमध्येच खालच्या मजल्याची हकीकत कळते.

हे सगळं आम्ही मुकाट्यानं सोसत होतो. यंदा हिवाळ्यात सांगलीहून माझे सासरे आले आणि मुकाट्यानं हा शब्द निकालात निघाला.

अण्णांनी उभा जन्म नाट्यगृहाच्या तिकीटबारीवर काढला. सांगली म्हणजे नाट्यपंढरी. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी तिथेच पहिलं मराठी नाटक उभं केलं, हे अण्णा विमानात शेजारच्यालाही सांगून आले होते. समोर प्लॅन पसरायचा, तिकीट फाडायचं, खुर्चीवर फुली मारायची, हे काम त्यांनी इतकी वर्षं केलं की आता कुठल्याही बंदिस्त जागेत शिरले की त्यांची नजर आपोआप रांगा मोजते. लग्नाच्या हॉलात मोजतात. देवळात मोजतात. विमानात मोजलीच असणार.

माकडटोपी, मफलर आणि माझा जुना जाड कोट घालून अण्णा त्या अरेनात पहिल्यांदा आले, दारातच थांबले, डावीकडून उजवीकडे मान फिरवली आणि म्हणाले, "जावईबापू, प्रयोग रद्द झालाय का?"

म्हटलं, नाही, सुरू होऊन दहा मिनिटं झाली.

वरच्या मजल्याकडे बोट दाखवून म्हणाले, "बाल्कनीला काळा पडदा का टाकलाय?" रिकाम्या खुर्च्या टीव्हीवर दिसू नयेत म्हणून, असं मी सांगितलं. अण्णा बराच वेळ त्या पडद्याकडे बघत राहिले. "आमच्यात पडदा स्टेजला असतो," एवढंच बोलले.

दुसऱ्या हाफमध्ये लाउडस्पीकरवर प्रेक्षकसंख्या जाहीर झाली. पाच हजारांच्या घरातला आकडा होता. अण्णांनी मफलर सोडला. "कुठे आहेत पाच हजार? साडेबाराशे आहेत. डोअरकीपर धरून." मी समजावलं की इथे बहुतेक ठिकाणी जाहीर होतो तो विकलेल्या आणि वाटलेल्या तिकिटांचा आकडा असतो, दारातून किती माणसं आत आली याचा नव्हे. अण्णांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा ओळखीचं हसू आलं. "म्हणजे पासवाले धरून मोजतात! हे धंदे इकडेही चालतात होय!" अमेरिका त्यांना त्या क्षणी आपली वाटली असावी.

त्या रात्री कॅमेरावाल्याचेही हाल होते. टाइमआउटमध्ये मोठ्या पडद्यावर प्रेक्षक दाखवायची इथे पद्धत आहे. पण दाखवणार कुणाला? आमच्या आख्ख्या पट्ट्यात आम्ही दोघंच. त्यामुळे माकडटोपीतले अण्णा चाळीस फुटी पडद्यावर आले, थोड्या वेळानं परत आले, आणि मग येतच राहिले. अण्णा दर वेळी नमस्कार करायचे. पुढच्या सामन्यापासून विद्यार्थी त्यांना बघून ओरडायला लागले. आवाज करा, आवाज करा, असं स्कोअरबोर्ड केव्हापासून विनवत होता. अखेर जो काय आवाज झाला तो अण्णांच्या नमस्काराला. गोल झाल्यावर... इथे गोल म्हणत नाहीत, लेक माझ्याकडे रागानं बघते... बास्केट झाल्यावर जी टाळी वाजते ती समोरच्या पडद्यावर आपटून, जरा विचार करून, परत येते.

कॉलेजात यावरून दोन तट पडले आहेत. विद्यार्थ्यांचं म्हणणं, जुन्या जिममध्ये चला. खोलीतून उठलं की चालत सामन्याला जाता येईल, बस पकडायला नको. पालकांच्या सभेत क्रीडाविभागाच्या साहेबांनी दुसरी बाजू मांडली. अरेनाशी काही वर्षांचा करार आहे. तिथे कंपन्यांना भाड्यानं द्यायच्या काचेच्या खोल्या आहेत, जुन्या जिममध्ये काचेची खिडकीसुद्धा धड नाही. आणि टीममध्ये घ्यायची सतरा वर्षांची मुलं बघायला येतात, तेव्हा त्यांना काहीतरी भव्य दाखवावं लागतं. अण्णा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "भव्य रिकामं दाखवतात?" मी ते साहेबांपर्यंत पोचवलं नाही. फीचं आहेच.

साहेबांचं सगळंच चूक होतं असं नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज विद्यापीठाचं उदाहरण त्यांनी दिलं, ते बिनतोड आहे. तिथली टीम मॅनली फील्ड हाऊस नावाच्या दहा हजारांच्या आतल्या इमारतीत खेळायची आणि घरी ओळीनं ५७ सामने जिंकली होती. १९८० च्या फेब्रुवारीत तिथल्या शेवटच्या सामन्यात वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठानं येऊन त्यांना हरवलं, आणि जॉर्जटाउनचे कोच जॉन थॉम्पसन यांनी जाहीर केलं की मॅनली फील्ड हाऊस अधिकृतरीत्या बंद झालं आहे. दुसऱ्याच्या घरात जाऊन कुलूप लावायचं म्हणतात ते हे. पण सिरॅक्यूजवाले त्याच वर्षी प्रचंड डोममध्ये, म्हणजे घुमटाच्या स्टेडियममध्ये, राहायला गेले आणि तो त्यांनी भरून दाखवला. २०१९ साली नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक विद्यापीठाविरुद्धच्या सामन्याला ३५,६४२ माणसं होती. त्या डोमला एअर कंडिशनर बनवणाऱ्या कंपनीचं नाव होतं आणि आत वर्षानुवर्षं एअर कंडिशनर नव्हता. आकडा ऐकून अण्णा गप्प झाले. मग म्हणाले, "पास किती?"

गंमत पुढेच आहे. कुलूप लावणाऱ्या जॉर्जटाउननं स्वतःही आवारातलं अडीच हजारांचं छोटं जिम सोडलं. पॅट्रिक यूइंग हा त्यांचा नामांकित खेळाडू होता, त्याच्या काळात मोठी जागा त्यांना शोभली. आज ते वॉशिंग्टनमधल्या २० हजारांच्या अरेनात खेळतात, आणि टीमला बरे दिवस नसले की तिथल्या खुर्च्या टीव्हीवर कोर्टापेक्षा जास्त दिसतात. शिकागोच्या डीपॉल विद्यापीठानं तर १९८० मध्ये बिऱ्हाड हलवलं ते थेट ओहेर विमानतळाजवळ, रोझमाँटला. ओहेरला मी विमान पकडायलाही नाखुशीनं जातो. पोरं बास्केटबॉल बघायला कशी जातील? शेवटी २०१७ मध्ये ते शहरातल्या दहा हजारांच्या जागेत परत आले.

उलट ड्यूक बघा. पैसा आहे, नाव आहे, दरवर्षी तिकिटासाठी मारामारी आहे, आणि तरी १९४० सालच्या कॅमेरॉन इनडोअर स्टेडियममधून ते हलत नाहीत. ९,३१४ जागा. विद्यार्थी कोर्टाच्या काठावर उभे, अंगाला निळा रंग फासलेला. साइडलाइनवरून बॉल आत टाकणाऱ्या पाहुण्या खेळाडूच्या पाठीला त्यांची बोटं जवळजवळ लागतात. मोठ्या सामन्याला आत शिरता यावं म्हणून ही मुलं हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे बाहेर तंबू ठोकून राहतात. त्या तंबूंच्या गावाला ड्यूकचे माजी कोच शशेव्स्कींचं नाव पडलं आहे. न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठाचं जुनं जिम याहून लहान. १९७५-७६ च्या हंगामात त्यांची टीम ओळीनं ३१ सामने जिंकून राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम चौघांत पोचली, तेव्हा तिथल्या गोंगाटानं छताच्या रंगाचे पोपडे खाली पडायचे, असं सांगतात. रंगारी कच्चा असेल असं मी म्हणालो. अण्णांना ते आवडलं नाही.

जिंकणारी टीम कुठेही गर्दी खेचते आणि हरणाऱ्या टीमला जिमही मोठं पडतं, हे मला मान्य आहे. आमची टीम जिंकतही नाही आणि मनापासून हरतही नाही. अशांचंच खरं अवघड असतं. अण्णांचा यावरचा सिद्धांत साधा होता आणि मला तो साहेबांच्या सगळ्या स्लाइडांपेक्षा पटला. "नाटक नवीन असताना छोटं थिएटर घ्यायचं. तिकिटं संपली की गावात बोभाटा होतो. बोभाटा झाला की मग मोठं घ्यायचं." फिलाडेल्फियाजवळचं व्हिलानोव्हा विद्यापीठ थोडंफार हेच करतं. बहुतेक सामने आवारातल्या साडेसहा हजारांच्या इमारतीत, आणि मोजके बडे सामने फिलाडेल्फियाच्या मोठ्या अरेनात. न्यूयॉर्कचे सेंट जॉन्स विद्यापीठवाले क्वीन्समधलं आपलं घर आणि मॅडिसन स्क्वेअर गार्डनचं मोठं अरेना यांत सामने वाटून घेतात. म्हणजे बड्या पाहुण्यांना दिवाणखाना, रोजच्यांना माजघर. यात कुणाची अब्रू जाते, हे मला अजून कळलेलं नाही. अब्रू जाते ती दिवाणखान्यात एकटं बसल्यावर.

जानेवारीच्या शेवटी देव पावला. तो मॉन्स्टर ट्रकच्या रूपात आला. अरेनात त्या आठवड्यात माणसापेक्षा उंच चाकांचे ट्रक एकमेकांवरून उड्या मारणार होते, त्यासाठी आत मातीचे ढीग पडले, आणि आमच्या टीमला एका सामन्यापुरतं जुन्या जिममध्ये परतावं लागलं. विद्यार्थ्यांनी आपला कोटा एका दुपारीत संपवला. माजी विद्यार्थ्यांनी उरलेला. पालकांची तिकिटं अमुक वाजता सुटतील असा निरोप आला. अमुक वाजता मी मीटिंगमध्ये होतो, आणि अमुक वाजून पाच मिनिटांनी तिकिटं नव्हती.

तरी लेकीला ट्रॉम्बोनसकट सोडायला आम्ही गेलोच. दारावर काही होतंय का बघू, हा अण्णांचा आग्रह. जिमच्या भिंतीला वळसा घालून रांग गेली होती, बर्फ भुरभुरत होता, आत ढोल सुरू झाला होता आणि विटांमधून ऐकू येत होता. अर्ध्या तासानं आम्ही दारापाशी पोचलो. तिथल्या पोरानं हात आडवा केला. सॉरी, एकही जागा नाही, उभं राहायलासुद्धा नाही.

मी अण्णांकडे वळलो. वाटलं, म्हातारा माणूस, थंडीत उभा राहिला, आता हिरमुसणार. अण्णांचा चेहरा असा फुलला होता की मी लग्नाच्या दिवशीही तो तसा बघितला नव्हता. "हाऊसफुल्ल!" ते म्हणाले. "परत पाठवतायत आपल्याला!" त्यांनी त्या पोराचा आडवा केलेला हात दोन्ही हातांनी धरला आणि जोरजोरात हलवला. तुझा हात बरोबर आहे, दारात असाच ठेवायचा, खांदा थोडा पुढे, असं मराठीत सांगितलं. पोरगं येस सर म्हणालं.

मी गाडीकडे निघालो. अण्णा हलेनात. त्यांनी आजूबाजूला बघितलं, माकडटोपी कानावरून वर सारली आणि मला कोपर मारलं. ब्लॅकवाल्यांना नाट्यगृहाच्या आवारातून आयुष्यभर हाकलणारे माझे सासरे हळूच म्हणाले, "ब्लॅकनं मिळतंय का बघा."

म्हटलं, अण्णा, इथे त्याला ब्लॅक म्हणत नाहीत, मोबाइलवर उघडउघड विकतात. फोन काढून दाखवला. अरेनात कुणी फुकट घेत नव्हतं ते तिकीट आज नव्वद डॉलर. अण्णांनी मनातल्या मनात रुपये केले, ओठ हलले, एक भुवई वर गेली आणि खाली आली.

"दोन घ्या," ते म्हणाले. "पण प्लॅन बघून घ्या. खांबामागचं नको."