सात रस्त्यावर गाड्या किती? "लई!"

आमच्या शाळेच्या ग्रुपवर गेला आठवडा सोलापूरच्या सात रस्ता चौकावरच गेला. उड्डाणपूल हवा की सिग्नल सुधारले तरी भागेल, यावर दोन तट पडले. मी मध्येच विचारलं, तिथून तासाला गाड्या जातात किती? उत्तर आलं, "लई." पाठोपाठ, "कॅलिफोर्नियात बसून तुला काय कळतंय बे?"

कळतं ते एवढंच. आमच्या घराजवळच्या चौकात, गाडी आल्याचं सिग्नलला कळावं म्हणून, डांबरात सेन्सर पुरलेत. बसवताना मी बघत उभा होतो. वाटीच्या तोंडाएवढं भोक पाडलं, मुठीएवढी डबी आत ठेवली, वरून बुजवलं. संपलं. गाडीच्या लोखंडाने पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जरासं विस्कटतं. डबी ते टिपते आणि खांबावरच्या यंत्राला रेडिओने कळवते. ठरावीक अंतरावर दोन डब्या असल्या की वेग निघतो, वेगावरून लांबी, म्हणजे कार की ट्रक तेही. बॅटरी काही वर्षं चालते. जुन्या पद्धतीत रस्ता कापून तारेची वेटोळी पुरतात. पाइपलाइनसाठी रस्ता खणला की तार तुटली. (जेसीबीपुढे डबी तरी कुठली टिकायला, पण गेली तर एकच जाते.)

तरी ही डबी उचलून नवी पेठेत पुरा, असं मी म्हणणार नाही. ती लेन पाळणाऱ्यांसाठी आहे. एका लेनमध्ये तीन दुचाक्या आणि रिक्षा शेजारी शेजारी घुसल्या तर ती काय मोजणार? दुचाकीत लोखंडही कमी. इथेसुद्धा रात्री सायकलवर लाल दिव्यापाशी थांबलो की रस्त्याच्या लेखी मी नसतोच. मागून कार आली की दिवा हिरवा होतो.

पेठांत कॅमेरे लावा, नाहीतर चौकात माणसं बसवून मोजा. डब्या शोभतील होटगी रोडला, अक्कलकोट रोडला, जिथे जड वाहनांचा प्रश्न आहे. मात्र उसाच्या ट्रॅक्टरमागच्या दोन ट्रॉल्या म्हणजे एक वाहन की तीन, हे आधी पडताळावं लागेल. २०१६ मध्ये पहिल्या २० स्मार्ट शहरांत आपलं नाव आलं होतं. तेव्हा एवढी मोजदाद मागणं काही फार नाही.

हे सगळं ग्रुपवर टाकलं. पूलवाला म्हणाला, "मोजा की. पण जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेवेळी."

सिग्नलवाला म्हणाला, "छे! मे महिन्यात, दुपारी दोनला."